होडीला मोटर कोठे लावावी?

खाडीच्या किंवा धरणाच्या काठावर उभे राहून मोटर लावलेल्या लहान होड्यांकडे तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? दोन होड्या सारख्याच लांबीच्या, मोटरीही सारख्याच शक्तीच्या. पण एक होडी पाण्यावरून सुरेख सरकत जाते, आणि दुसरी नाक वर काढून, मागे पाण्याचा ढीग उपसत, रखडत चालते. पाहणारा म्हणतो, ‘त्याची मोटर चांगली, याची वाईट.’ नेहमीच तसे असते असे नाही. पुष्कळदा दोष मोटरीत नसून ती जेथे लावली त्या जागेत असतो. चार बोटे वर, चार बोटे खाली, किंचित तिरकी अथवा किंचित एका बाजूला, एवढ्याने केवढा फरक पडतो, आणि तो का पडतो, हे आज आपण पाहू. यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहेच.

माझ्या एका विद्यार्थ्याचे घर खाडीकाठी आहे. त्याच्या वडिलांची सुमारे पाच मीटर लांबीची फायबरची होडी आहे. तिच्यासाठी त्यांनी कर्ज काढून दहा अश्वशक्तीची एक जुनी मोटर घेतली. पहिल्याच दिवशी निराशा झाली. होडी वेग घेईना, पेट्रोल मात्र भराभर संपे, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावरून जाताना मोटरीचा पाय वाळूला लागे. मुलगा मला म्हणाला, “सर, विकणाऱ्याने बाबांना फसवले. मोटर परत द्यायची म्हणतात, पण तो पूर्ण पैसे देणार नाही.” मी म्हटले, “परत देण्यापूर्वी एक फूटपट्टी घेऊन जाऊ.” त्या फूटपट्टीने काय सांगितले ते पुढे येईलच. आधी मोटरीची थोडी ओळख करून घेऊ.

बाहेर टांगलेली मोटर

मोठ्या बोटीचे इंजिन बोटीच्या पोटात असते. लहान होडीत तेवढी जागा नसते, म्हणून सबंध यंत्र पिछाडीच्या उभ्या फळीवर बाहेरून अडकवतात. हिलाच आउटबोर्ड मोटर म्हणतात. अशा मोटरी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी बनवून पाहिल्या. पण ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे राहणाऱ्या कारागिराने १९०९ मध्ये विक्रीस आणलेल्या मोटरीपासून त्यांचा खरा प्रसार झाला.

या मोटरीचे तीन भाग ध्यानात ठेवा. वर इंजिनाचे डोके, मध्ये खाली उतरणारा लांब पाय, आणि पायाच्या तळाशी पंखा. हा पंखा पाणी मागे ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाणी पंख्याला पुढे ढकलते. या पुढे ढकलणाऱ्या बलाला आपण ‘रेटा’ म्हणू. पंख्याच्या वर, पायाला जोडलेली एक आडवी सपाट पट्टी असते. दिसायला क्षुल्लक अशी ही पट्टी आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

रेटा किती असतो याचा अंदाज करू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून दहा अश्वशक्ती म्हणजे ७४६० वॅट. पंख्याकडून यातील साधारण निम्मी शक्ती होडी पुढे नेण्याच्या कामी येते असे धरू, म्हणजे सुमारे ३७३० वॅट. शक्ती = बल × वेग. होडीचा वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर असेल, तर

रेटा = ३७३० ÷ ६ = सुमारे ६२० न्यूटन.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण ६०० न्यूटन धरू. पृथ्वीवर ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजनही साधारण एवढेच असते. म्हणजे एक माणूस जणू आडवा होऊन होडीला मागून रेटतो आहे!

नाळ वर का उचलली जाते?

होडीच्या पुढच्या टोकाला कोकणात नाळ म्हणतात. मोटर सुरू करून वेग दिला की नाळ वर उचलली जाते. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण लाटेचे. होडी चालते तेव्हा ती स्वतःच्या पुढे एक लाट उभी करते. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. लांबी मीटरमध्ये घेतली, तर वेग सेकंदाला १.२५ × √लांबी एवढे मीटर येतो. पाच मीटर लांबीच्या लाटेसाठी हा वेग सेकंदाला २.८ मीटर, म्हणजे ताशी दहा किलोमीटर येतो. होडी या वेगाला पोहोचली की लाटेचा एक माथा नाळेपाशी व दुसरा पिछाडीपाशी येतो. वेग आणखी वाढला की मागचा माथा होडीच्या मागे सुटतो, पिछाडी लाटेच्या खळग्यात उतरते आणि होडी स्वतःच उभ्या केलेल्या लाटेची चढण चढू लागते. येथे फार शक्ती खर्च होते. हलक्या, सपाट तळाच्या होडीला पुरेशी शक्ती मिळाली, तर ती ही चढण ओलांडते, आणि मग तळावर आपटणाऱ्या पाण्याच्या उचल देणाऱ्या बलामुळे पाण्यावर घसरत जाऊ लागते. सपाट चिपटी पाण्यावर फेकली असता ती टप्पे घेत जाते, तेथेही पाण्याचा असाच आधार असतो. जी होडी ही चढण ओलांडू शकत नाही, ती जन्मभर नाक वर करून रखडते.

दुसरे कारण बलयुग्माचे. वहीत होडीची बाजूने दिसणारी आकृती काढा. रेटा पंख्याच्या आसापाशी, म्हणजे होडीच्या तळाच्याही खाली, पुढच्या दिशेने लागतो. पाण्याचा रोध मुख्यतः होडीच्या तळावर, म्हणजे त्याच्या वर, मागच्या दिशेने लागतो. दोन समांतर, विरुद्ध बले, आणि त्यांच्या रेषांत अंतर! हे बलयुग्म झाले. ते होडीला असे फिरवू पाहते की नाळ वर जावी आणि पिछाडी दबावी. दोन्ही रेषांत २५ सेंटिमीटर अंतर असेल, तर

परिबल = ६०० × ०.२५ = १५० न्यूटन-मीटर.

हे कितीसे झाले? ६० किलोग्रॅमचा माणूस होडीत २५ सेंटिमीटर मागे सरकून बसला तर एवढाच परिणाम होईल. आता ध्यानात घ्या: मोटर जितकी खाली, तितके हे अंतर जास्त, आणि तितकी नाळ वर.

तिसरे कारण वजनाचे. त्याचा विचार शेवटी करू, कारण त्याचा संबंध वेगापेक्षा जिवाशी अधिक आहे.

फूटपट्टीने काय सांगितले?

आम्ही होडीपाशी गेलो. पिछाडीच्या फळीची उंची, वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत, मोजली. ती ३८ सेंटिमीटर भरली. नंतर मोटर फळीवर जेथे टेकते तेथपासून आडव्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजले. ते ५१ सेंटिमीटर! सगळे कोडे येथेच सुटले.

आउटबोर्ड मोटरी निरनिराळ्या लांबीच्या पायांच्या मिळतात. आखूड पाय १५ इंचांचा, म्हणजे ३८ सेंटिमीटरचा. लांब पाय २० इंचांचा, म्हणजे ५१ सेंटिमीटरचा. मोठ्या मोटरींना २५ इंचांचाही पाय असतो. फळीची उंची आणि पायाची लांबी जुळली, की आडवी पट्टी होडीच्या तळाच्या जवळपास पातळीत येते. या होडीची फळी आखूड पायासाठी होती आणि मोटर मिळाली होती लांब पायाची. त्यामुळे पट्टी तळाच्या १३ सेंटिमीटर खाली गेली होती.

याचे परिणाम आता तुम्हीच सांगू शकाल. रेट्याची रेषा १३ सेंटिमीटर खाली गेली, म्हणून नाळ उचलणारे परिबल ६०० × ०.१३, म्हणजे ७८ न्यूटन-मीटरने वाढले. शिवाय पायाचा १३ सेंटिमीटरचा जादा भाग पाण्यात ओढला जाऊ लागला. त्याचा रोध किती? पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, वेग सेकंदाला ६ मीटर. वाहत्या पाण्याचा गतिज दाब

½ × १००० × ६ × ६ = १८,००० पास्कल.

पायाची जाडी ५ सेंटिमीटर धरली, तर समोरून दिसणारे क्षेत्रफळ ०.१३ × ०.०५ = ०.००६५ चौरस मीटर. या दोहोंचा गुणाकार ११७ न्यूटन येतो. तेथे सपाट फळकुट असते तर रोध साधारण एवढा किंवा थोडा अधिक झाला असता. पाय माशासारखा निमुळता केलेला असल्याने तो याचा काही अंशच असतो. चौथा हिस्सा धरला तरी २९ न्यूटन, म्हणजे आपल्या रेट्याचा विसावा भाग, नुसता पाय ओढण्यात जातो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट होतो.

आणि वाळूला पाय का लागत होता हे निराळे सांगायला नकोच.

तेव्हा मोटरीत काही दोष नव्हता. तिला वर घ्यायला हवे होते, एवढेच.

मग खूप वर घेतली तर?

विद्यार्थ्याने ताबडतोब अनुमान काढले: “सर, खाली असणे वाईट, तर जितकी वर तितके चांगले!” अनुमान चुकीचे आहे, पण ते का चुकीचे हे प्रयोगानेच कळणे बरे. त्याच्या वडिलांनी फळीवर सागाचा ठोकळा आरपार बोल्टांनी पक्का बसवला आणि मोटर १५ सेंटिमीटर वर घेतली. आता पट्टी तळाच्या २ सेंटिमीटर वर आली. सरळ चालीत होडी खरोखरच पळू लागली. नाळ खाली बसली, मागचा ढीग नाहीसा झाला. पण वळण घेताच किंवा लाटेवर चढताच इंजिन एकदम किंचाळू लागे, आणि इंजिन जोरात फिरत असताना होडी मात्र ढिली पडे.

हे कशामुळे? पंखा फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांच्या एका बाजूस दाब कमी होतो. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ असला, तर या कमी दाबाकडे वरची हवा ओढली जाते. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट विरळ आहे. पंख्याला मागे ढकलायला पाण्याऐवजी हवा मिळाली की रेटा नाहीसा होतो, इंजिनावरचा भार उतरतो आणि ते भरमसाट वेगाने फिरू लागते. एकोणिसाव्या शतकात वादळी समुद्रात आगबोटींची इंजिने अशीच बेफाम होत. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८७३ मध्ये प्रयोग करून या प्रश्नाचा अभ्यास केला होता.

पंख्यावरच्या आडव्या पट्टीचे काम आता तुमच्या ध्यानात येईल. ती एखाद्या झाकणासारखी वरची हवा पंख्याकडे येऊ देत नाही. पण झाकण स्वतःच पाण्याबाहेर आले तर ते काय झाकणार? वळणात होडी कलते, लाटेवर पिछाडी उचलली जाते. अशा वेळीही पट्टीवर पाणी राहील एवढी ती खाली हवी. दुसरा धोका असा की, इंजिन थंड ठेवणारे पाणी पायाच्या खालच्या भागातील भोकांतून आत घेतले जाते. ती भोके पाण्यावर आली, तर इंजिन तापून जळू शकते.

येथे शिक्षकांच्याही उपयोगी पडेल असा एक मुद्दा सांगतो. या पट्टीला पुष्कळ लोक ‘अँटी-कॅव्हिटेशन प्लेट’ म्हणतात. हे नाव रूढ असले तरी बरोबर नाही. कॅव्हिटेशन म्हणजे पोकळीभवन, आणि ही गोष्ट अगदी वेगळी आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण ते नेहमीच्या वातावरणाच्या दाबाखाली. दाब कमी केला तर ते कमी तापमानाला उकळते. ३० अंश तापमानाचे पाणी, दाब सुमारे ४.२ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चोविसाव्या हिश्श्याइतका उतरला, तर थंडपणीच उकळू लागेल. फार जलद फिरणाऱ्या पात्यांवर दाब इतका खाली जातो की तेथे वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. ते पुढे जास्त दाबाच्या भागात फुटतात तेव्हा धातूवर इतके आघात होतात की पात्यांना खड्डे पडतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीला १८९४ मध्ये प्रथम हीच अडचण आली. एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे बसवले, तेव्हा ती धावली, आणि १८९७ मध्ये तिने ताशी ३४ सागरी मैलांचा वेग गाठून दाखवला.

पोकळीभवनात बुडबुडे वाफेचे असतात आणि ते पाण्यातच जन्मतात. आपल्या होडीत बुडबुडे होते वरून आलेल्या हवेचे. पंखा १३ सेंटिमीटर खाली नेल्याने पाण्याचा दाब १.३ किलोपास्कलने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या भागाने वाढतो. त्याने पोकळीभवन थांबणार नाही. हवेची वाट मात्र तेवढ्याने बंद होऊ शकते. म्हणून पट्टी काम करते ते हवा अडवण्याचे.

शेवटी ठोकळा कमी करून मोटर ११ सेंटिमीटर वर ठेवली. पट्टी तळाच्या २ सेंटिमीटर खाली आली. आता सरळ चालीत वेग टिकला आणि वळणात इंजिन किंचाळेनासे झाले. पट्टी तळाच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली, हा आरंभीचा अंदाज म्हणून बहुतेक लहान होड्यांना ठीक असतो. नंतर पाण्यावर चालवून पाहावे आणि थोडे वर-खाली करावे. शांत तळ्यात थोडी वर चालेल, लाटांच्या पाण्यात थोडी खाली हवी.

तिरकेपणाचा प्रश्न

मोटर फळीवर किती तिरकी टेकावी हे ठरवण्यासाठी तिच्या आधारात भोके असतात. त्यांतील एकात खीळ घालतात. खीळ बदलली की पाय फळीच्या जवळ किंवा फळीपासून दूर राहतो.

पाय फळीपासून दूर गेला की पंखा पाणी मागे आणि थोडे वर फेकतो. मग प्रतिक्रिया पुढे आणि थोडी खाली! म्हणजे पिछाडी दाबली जाते आणि नाळ वर येते. पाय फळीच्या जवळ घेतला की उलटे होते: पाणी मागे व खाली जाते, पिछाडी उचलली जाते, नाळ खाली दबते.

किती तिरकेपणाने किती फरक पडतो? पाच अंश घेऊ. कोष्टकात पाहा: ५ अंशांची ज्या ०.०८७ आणि कोटिज्या ०.९९६. पुढे ढकलणारे बल ६०० × ०.९९६ = ५९८ न्यूटन; घट फक्त दोन-अडीच न्यूटन. उभ्या दिशेचे बल ६०० × ०.०८७ = ५२ न्यूटन. हे ५२ न्यूटन होडीच्या गुरुत्वमध्यापासून दोन मीटर मागे लागतात, म्हणून परिबल १०४ न्यूटन-मीटर. रेट्यात जवळजवळ काहीच न गमावता एवढे परिबल मिळते! दाराची कडी बिजागरीपासून दूर का बसवतात हे आठवा. लांब भुजेवर लहान बलही मोठे काम करते.

म्हणून नाळ जास्त उचलली जात असेल तर पाय फळीकडे घ्यावा. नाळ पाण्यात घुसून होडी जड चालत असेल, तर पाय थोडा दूर करावा. पाय फार दूर गेला तर होडी वेगात नाळ वर-खाली आपटत डॉल्फिनसारख्या उड्या मारू लागते. उलट, पाय फार जवळ असेल तर वेगात नाळ खाली दबते, सुकाणू जड होते आणि लाटेत होडी एकाएकी वळण्याचा धोका असतो. बऱ्याच होड्यांना, पूर्ण वेगात पंख्याचा आस पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण समांतर राहील अशी खीळ आरंभी ठीक पडते.

मधोमध की बाजूला?

मोटर मधोमध लावणे उत्तम, हे सर्वांना ठाऊक असते. पण काही होड्यांची दोन्ही टोके निमुळती असतात. त्यांना पिछाडीची सपाट फळीच नसते, म्हणून बाजूला लाकडी किंवा लोखंडी आधार बांधून मोटर लावावी लागते. मध्यरेषेपासून ती ३० सेंटिमीटर दूर गेली, तर ६०० × ०.३ = १८० न्यूटन-मीटर परिबल होडीला सतत एका बाजूस वळवत राहील. मोटर उजवीकडे असेल तर होडी डावीकडे वळेल.

यावर उपाय काय? मोटर अशी थोडी वळवून ठेवायची की रेट्याची रेषा होडीच्या गुरुत्वमध्याजवळून जावी. मोटर दोन मीटर मागे आणि ०.३ मीटर बाजूला असेल, तर हा कोन साडेआठ अंश येतो. पण फुकट काही मिळत नाही. आता रेट्याचा ८९ न्यूटनांचा भाग होडीला आडवे ढकलण्यात जातो आणि होडी खेकड्यासारखी किंचित तिरपी चालते. शिवाय होडी बाजूला कलली की एका अंगास पंखा उथळ होतो आणि पुन्हा हवा ओढू लागतो. म्हणून बाजूची मोटर थोडी अधिक खोल ठेवावी लागते.

वजन कोठे आहे?

आता राहिलेले तिसरे कारण. मोटर नीट बसल्यावर माझ्या विद्यार्थ्याचे वडील खुशीत होते. आठवडाभराने मुलगा आला तो गंभीर चेहऱ्याने. संध्याकाळी ते दोघे खाडीत परतत असताना वारा आणि लाटा मागून येत होत्या. दोघेही मोटरीजवळ बसले होते, पेट्रोलचा डबाही तेथेच होता. तोंडाशी उथळ पाण्यात लाट चढली म्हणून वडिलांनी वेग एकदम कमी केला. मागून आलेली लाट पिछाडीच्या फळीवरून थेट आत आली. मुलगा डबा टाकून पुढे सरकला आणि हाताला लागेल त्याने पाणी उपसू लागला. होडी वाचली.

आपण हिशेब करू. गुरुत्वमध्य सोयीसाठी होडीच्या मध्याजवळ धरू. मोटर ४० किलोग्रॅम, दोन मीटर मागे: ८०. ६० किलोग्रॅमची दोन माणसे, दीड मीटर मागे: १८०. २० किलोग्रॅमचा डबा, दीड मीटर मागे: ३०. एकूण २९० किलोग्रॅम-मीटर, सगळे पिछाडी बुडवणारे. आता दुसरा माणूस मध्यावर आला: त्याचे परिबल शून्य. डबा मध्याच्या एक मीटर पुढे ठेवला: तो उलट २० ने पिछाडी उचलतो. राहिले ८० + ९० − २० = १५०. एक माणूस आणि एक डबा हलवल्याने पिछाडीचा भार जवळजवळ निम्मा झाला!

वेग असताना तळावरची पाण्याची उचल होडीला सांभाळते. वेग एकदम सोडला की ती उचल नाहीशी होते, होडी खाली बसते, आणि मागे उठलेले तिचे स्वतःचेच पाणी धावत येऊन पिछाडीवर आदळते. त्यातच खरी लाट आली तर ३८ सेंटिमीटर उंचीची फळी कितीशी पुरणार? म्हणून लाटा मागून असताना वेग हळूहळू कमी करावा, आणि माणसे व सामान आधीच मध्याकडे आणावे. मोटर वर घेण्यासाठी ठोकळा बसवला, तेव्हा फळीची उंची फक्त मोटरीच्या जागी वाढली. दोन्ही बाजूंना ती तेवढीच राहिली. हे आमच्याही ध्यानात आले नव्हते. नंतर त्यांनी फळीची संपूर्ण कडा उंच करून घेतली.

घरी करून पाहा

साबणाची प्लॅस्टिकची डबी, एक फुगा आणि शरबत पिण्याची नळी घ्या. फुग्याचे तोंड नळीवर दोऱ्याने घट्ट बांधा. डबीच्या मागच्या बाजूस भोक पाडून नळी बाहेर काढा. फट मेणाने बंद करा. नळीतून फुगा फुगवा, बोटाने तोंड दाबून डबी टबात सोडा आणि बोट काढा.

१. नळी मधोमध असताना आणि एका बाजूस असताना डबीचा मार्ग कसा बदलतो ते पाहा.
२. नळीचे टोक पाण्यावर आणि पाण्याखाली ठेवून डबी किती अंतर जाते ते मोजा.
३. डबीत तीन नाणी क्रमाने मागे, मध्ये आणि पुढे ठेवा. प्रत्येक वेळी मागची कड पाण्यापासून किती उंच राहते ते पट्टीने मोजा आणि परिबलाशी ताडून पाहा.

प्रत्येक वेळी फुगा सारखाच फुगवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोग टबात किंवा हौदात करा. नदी-खाडीवर मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका.

विचार करा

१. आखूड पायाची मोटर उंच फळीवर लावली तर काय काय होईल?
२. नाळ फार उचलली जात आहे. मोटरीला हात न लावता उपाय सांगा.
३. मोटर फळीपासून आणखी अर्धा मीटर मागे, आधारावर टांगली, तर तिच्या वजनाचे परिबल कितीने वाढेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर २० किलोग्रॅम-मीटर. ते तोंडी आले असेल, तर पुढच्या वेळी धक्क्यावर जाल तेव्हा एखाद्या तांडेलाशी बोला. मोटर त्या उंचीवरच का लावली, जाळे मध्येच का ठेवतात, हे त्याला विचारा. परिबल हा शब्द तो वापरणार नाही, पण आपल्या होडीचा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो. त्याचे म्हणणे वहीत लिहून घ्या, आणि त्यातले बल कोणते, भुजा कोणती, ते घरी येऊन शोधा.